जोंगाची डावी सीट

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली, नाही पटली तर माझा आग्रह नाही.

भुतं अमावास्येच्या रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवतो... हे भर दुपारी झालं.

२८ सप्टेंबर २०२५, रविवार. सव्वातीनची वेळ. जागा भिवंडीजवळचं वडपे. चहूकडे गोडाउन, समोर हायवे, कंटेनरची रांग. भुताला पाय ठेवायलाही जागा नाही असं गाव.

तिथे माझे चिंतामणीमामा राहतात. निवृत्त मास्तर.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जोंगा घेतली. जोंगा म्हणजे फौजी जीप, जीपची थोरली बहीण म्हणा. तळाचा पत्रा इतका सडलेला की सीटवर बसून खालची जमीन दिसायची. शाळा सुटली की मामा गाडीखाली. पत्रा कापून नवा बसवला. इंजिनाला तीन वर्षं गेली. पाचव्या वर्षी रंग लागला, तोच फौजी हिरवा. तरी दर पावसाळ्यानंतर ती काहीतरी मागायचीच.

"सवत आणलीत, तीही रिटायर झालेली," सुचेतामामी म्हणायची.

पण दसऱ्याआधीच्या रविवारी हीच मामी पदर खोचून जोंगात चढायची. त्या दिवशी ब्रेकच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायची असे.

हे काम एकट्याचं नाही. एक माणूस गाडीखाली, एक पेडलवर. मामा खालून ओरडायचे, "दाब!" वरच्याने पेडल दाबून धरायचं. हायवेच्या हॉर्नमध्ये मामीचा आवाज खाली पोचत नसे, म्हणून ती पत्र्यावर बांगडी आपटायची.

टक टक.

म्हणजे धरलंय. मग मामा चाकामागचा छोटा नट ढिला करणार, बुडबुडे नळीतून बाटलीत जाणार, नट आवळून झाला की "सोड!" अशी चार चाकं. सगळ्यात लांबचं आधी, ड्रायव्हरच्या पायाजवळचं शेवटी.

संसारात काय कमावलं असं कुणी विचारलं, तर मामा हा एक तास सांगायचे. खरंच सांगायचे.

जूनमध्ये मामी गेली. चहा गाळता गाळता खाली बसली, ती उठलीच नाही.

मामा रडले नाहीत. तेराव्यालाही नाहीत. ताटात पडेल ते खायचे, सांगितलं की आंघोळ करायचे. फोनवर "बरा आहे" म्हणायचे. आवाज कसा, तर पुस्तकातली ओळ वाचल्यासारखा.

शेजारचे केसरीनाथ एकदा म्हणाले, "मास्तर, काढून टाका ती गारी. वैनी न्हाय, आता कोन बसनार हाय तिच्यात?"

"बघू," मामा म्हणाले. आणि त्यांनी काहीच केलं नाही.

तो रविवार आला. घरात वर्षभर सण करायचा नव्हता. पण ब्रेकला कुठलं सुतक? मामा सवयीने उठले, पाना, नळी, बाटली घेतली आणि जोंगाखाली सरपटले. मागचं डावं चाक. नळी लावली. पाना नटावर ठेवला.

आणि सवयीनेच ओरडले, "दाब!"

ओरडल्यावर त्यांना कळलं. वर कुणी नाही.

ते तसेच पडून राहिले. एक कंटेनर गेला. दुसरा गेला.

आणि मग...

पेडल कुरकुरलं.

मामांनी ऐकलं. एकोणीस वर्षं त्या गाडीची प्रत्येक कुरकुर त्यांना पाठ होती. पेडल खाली गेलं होतं. आणि खालीच होतं.

ते टकटकीची वाट बघत राहिले.

टकटक आली नाही.

शेवटी त्यांनी नट ढिला केला. कुणी दाबून धरल्याशिवाय येणार नाही अशा जोराने ऑइल नळीत आलं. बुडबुडे आले. त्यांनी नट आवळला.

"सोड," ते हळूच म्हणाले.

पेडल वर आलं.

बाहेर निघून बघावं असं त्यांना वाटलं नाही. बघितलं तर सीट रिकामी दिसेल, एवढीच त्यांना धास्ती होती. मागचं उजवं चाक केलं. मग पुढच्या डाव्याशी गेले. तिथेही "दाब" म्हटलं की पेडल खाली, "सोड" म्हटलं की वर. टकटक मात्र एकदाही नाही.

तेवढ्यात निवेदिता चहा घेऊन शेडमध्ये आली. ही त्यांची मुलगी, कल्याणला असते, रविवारची बापाकडे येते. उघड्या दारातून तिला जोंगाचं पेडल दिसलं. पार खाली गेलेलं. वर कुणी नाही.

कप तिच्या हातातून पडला.

"घाबरू नकोस," खालून मामा म्हणाले. "आई आलीय."

निवेदिता गाडीपाशी खाली वाकली.

"आई नाही ती, बाबा."

"मग कोण?"

"ते आईलाही माहीत नव्हतं." निवेदिता सांगू लागली. "चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा झालं. आई पाय ठेवणार, त्याआधीच पेडल खाली गेलं. तेव्हापासून ती त्या सीटवर बसलीच नाही. डाव्या सीटवर बसायची, पाय वर घेऊन. दाबणारं ते होतं. आई फक्त ठोकायची."

मामांच्या हातातला पाना तसाच राहिला.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर तुम्ही गाडी विकाल म्हणाली. आणि गाडी गेली तर ह्यांचं काय उरेल, म्हणाली. मला शपथ घातली होती."

मामांना भुताचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मामी येत होती. डाव्या सीटवर पाय पोटाशी घेऊन बसलेली. शेजारच्या रिकाम्या सीटकडे न बघता बांगडी आपटणारी. चार वर्षं.

"तू घरात जा," ते म्हणाले. "एक चाक राहिलंय. अर्धी हवा ठेवून चालत नाही."

ते पुढच्या उजव्या चाकाकडे सरकले. पेडल आता डोक्यावर हातभर अंतरावर. पावलं घराकडे गेलेली त्यांना ऐकू आली नाहीत. उलट डावीकडून स्प्रिंग दबल्याचा आवाज आला. डाव्या सीटवर कुणी तरी बसलं होतं.

"निवेदिता?"

"बसलेय, बाबा. करा तुम्ही."

"दाब," मामा म्हणाले.

पेडल खाली गेलं.

आणि...

टक टक.

मामांनी नट ढिला केला. डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं, पुसायला हात मोकळा नव्हता. जूनपासूनचं सगळं त्या चाकाखाली बाहेर आलं. लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले.

"सोड गं," ते म्हणाले. "झालं."

त्या संध्याकाळी मामा दोन पोळ्या जास्त जेवले. निवेदिताला म्हणाले, "अगदी तिच्यासारखं ठोकलंस."

ती नुसती हसली.

हे सगळं मला तिनेच सांगितलं. शेवटचं सांगताना मात्र तिने माझं मनगट घट्ट धरलं. मामांना कळता कामा नये, म्हणाली. मामा असलं काही वाचत नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

ती डाव्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, ते खरं. डोळे घट्ट मिटलेले. दोन्ही हातांची मिठी गुडघ्यांना. भीतीने बोटं इतकी आवळली होती की ती सुटेचनात.

तिने ठोकलंच नव्हतं. आणि तिच्या हातात बांगडीही नव्हती.

ती मामी होती, असं निवेदिता धरून चालते. मला वेगळंच वाटतं. चार वर्षं शेजारी बसून ऐकणारं जे कुणी आहे, ते आता ठोकायलाही शिकलं असेल तर?

मी हे तिला बोललो नाही. मामांनी पुढच्या दसऱ्यासाठी ब्रेक ऑइल आणून ठेवलंय. ते आता जेवतात, झोपतात, केसरीनाथांशी भांडतातसुद्धा. निवेदिता डाव्या सीटवर बसायला हो म्हणालीय.