पंपाजवळची खरखर

सकाळी ह्यांचे धुतलेले कपडे घेऊन मी अतिदक्षता विभागात गेले आणि खाटेशेजारी बसले. दुपारपर्यंत औषधाचा पंप तीनदा बंद पडला. ह्यांचा रक्तदाब त्या पंपातून जाणाऱ्या औषधावरच टिकून होता. औषध थांबले तर काही मिनिटांतच हृदय थांबेल, असे डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते. परिचारिकेने दोनदा पंप बदलला, तरी तोच प्रकार.

माझा संशय सुनेवर होता.

"फोन बंद कर म्हणून कितीदा सांगायचं तुला?"

"आई, फोन मी गाडीतच ठेवून आलेय. झडती घ्यायचीय का? मग तुमचीही पिशवी दाखवा की!"

मी पिशवी तिच्यासमोर उपडी केली. दोन सदरे, चष्मा, रुमाल. मी सगळे परत भरले.

थोड्या वेळाने रुग्णालयाचा तंत्रज्ञ हातात मावेल एवढे यंत्र घेऊन आला. "जवळपास कुठूनतरी लहरी येताहेत, त्यानं पंप गडबडतो. लहरी असतील तिथं हे खरखरतं," तो म्हणाला. खाटेजवळ ते जोराने खरखरू लागले. त्याने दिवे, पंखा, सगळे बंद केले. खरखर कायम. मग त्याने आम्हाला एकेक करून बाहेर पाठवले. सून गेली, खरखर तशीच. परिचारिका दाराशी सरली, तशीच. मी उंबरठा ओलांडला आणि आत शांतता पसरली.

सुनेने तेव्हा माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी अद्याप विसरलेले नाही.

तंत्रज्ञ माझ्या मागोमाग आला. यंत्र माझ्या अंगाशी नव्हे, तर डावीकडे हातभर अंतरावर, रिकाम्या जागी खरखरत होते. मी चार पावले चालले. ती जागाही चालली.

"बाई, तुमच्याबरोबर... आणखी कोणी आलंय का?"

"नाही."

मी ते यंत्र मागून घेतले आणि बाहेरच्या बाकावर बसले. ते माझ्याजवळ खरखरते आहे, तोवर जे काही आहे ते ह्यांच्याजवळ नाही, हे मला कळले होते. पाणी प्यायलाही मी उठले नाही. पंप अखंड चालू राहिला. सून जवळ बसायला आली, तेव्हा मी हळूच म्हणाले, "तिथं नको... या बाजूला बस."

संध्याकाळी मी निश्चय केला. त्याला सोबत घेऊनच घरी जायचे. ह्यांच्यापासून जितके दूर नेता येईल, तितके दूर. मी उठले आणि जिन्यापर्यंत गेले.

पहिल्या पायरीवर यंत्र गप्प झाले.

मी धावत मागे आले. काचेपलीकडे पंपाचा लाल दिवा लागला होता आणि परिचारिका त्याच्याकडे झेपावत होती. तीन दिवस बोटही न हललेले ह्यांचे शरीर हळूहळू खाटेच्या कडेला सरकत होते... शेजारी कोणाला तरी जागा करून द्यावी, तसे.