टाचणीची नियत

नाट्यगृहाच्या रिकाम्या रंगमंचावर ती गुडघे टेकून बसली होती. समोर लाकडी पुतळ्यावर राणीचा झगा, तोंडात टाचण्या, हातात झग्याची खालची दुमड. सगळीकडे अंधुक, शांत... आणि एकदम लख्ख उजेड! वरून पिवळाधमक झोत नेमका तिच्या डोक्यावर पडला. तिचा जांभळा स्कार्फ पेटल्यासारखा झळाळला.

"बंद करा तो," ती टाचण्यांमधूनच म्हणाली.

"कोण आहे तिथे?" वरून आवाज आला.

"ज्याच्यावर उजेड पाडलात तो माणूस."

झोत गेला. लोखंडी शिडीवरून कुणीतरी धडधडत खाली आलं. नवा दिवेवाला होता तो, सकाळीच कामावर रुजू झालेला. कोणता दिवा कुठे पडतो ते बघत होता म्हणे. माफी मागताना तो तिच्या चेहऱ्याकडे असा बघत राहिला, की आपण कशाची माफी मागतोय हेच विसरला. तिने एक टाचणी तोंडातून काढली, कापडात खोचली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधी विचारा."

नाट्यगृहात तिला सगळे टाचणीच म्हणत. ती तिथली शिंपीण होती. नाव पडलं ते तोंडातल्या टाचण्यांमुळे की जिभेमुळे, यावर दोन मतं होती.

तिची खोली रंगमंचाच्या वरच्या मजल्यावर होती. लांबलचक टेबल, वाफेची इस्त्री, दांड्यांवर सरदारांचे कोट आणि भिकाऱ्यांच्या चिंध्या शेजारी शेजारी. खोलीचा अर्धा भाग विगवाल्या मावशींचा. लाकडी मुंडक्यांच्या रांगेमागे बसून त्या बारीक आकड्याने जाळीवर एकेक केस ओवत असायच्या. मावशी ज्यू होत्या, टाचणी मुसलमान. कैक वर्षं एकाच खिडकीच्या उजेडात काम करून दोघींचं गूळपीठ जमलं होतं. मावशींच्या स्वतःच्या डोक्यावरही विगच असायचा, कारण लग्न झालेल्या बाईने आपले केस झाकायचे असं त्यांच्यात मानतात. पण हात असा सफाईचा, की टाचणीखेरीज नाट्यगृहात कुणाला त्याचा पत्ताच नव्हता.

दिवेवाला रोज काहीतरी निमित्त काढून वर येऊ लागला. हा निळा माझ्या दिव्याखाली काळा दिसेल, तो लाल मातकट होईल... खोटं नव्हतं ते. पण तेवढ्यासाठी इतका वेळ थांबायची गरजही नव्हती.

"कापडाकडे बघा," ती एकदा म्हणाली.

"बघतोय की."

"कापड इकडे आहे." तिने टेबलावर हात ठेवला. "नजर खाली ठेवायला आपल्या कुराणात आधी पुरुषांना सांगितलंय. बायकांच्या कपड्यांची गोष्ट त्यानंतर येते. वाचलंयत ना?"

"वाचलंय. पण दिवेवाल्यानेच खाली बघितलं तर राणी अंधारात राहील..."

"राणी रंगमंचावर आहे. इथे शिंपीण आहे."

मावशींनी हसू लपवायला तोंडासमोर एक लाकडी मुंडकं धरलं.

दुसऱ्या दिवसापासून तो इमानेइतबारे फरशीकडे बघत बोलू लागला. आणि फरशीवर काय असतं? सांडलेल्या टाचण्या! जाताना तो मूठभर टाचण्या वेचून टेबलाच्या कडेला नीट ओळीत मांडून ठेवायचा. "नजर खाली ठेवण्याचे फायदे," एवढंच म्हणायचा आणि जिना उतरायचा. हल्ली तिच्या हातून टाचण्या जरा जास्तच सांडायला लागल्या होत्या, हे मावशींच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

एका ढगाळ दुपारी, ती राणीच्या झग्याला अस्तर लावत असताना त्याने बिचकत विचारलं, की हा स्कार्फ घरच्यांनी सांगितला म्हणून का? ती हसली. तिची आई फक्त नमाजाच्या वेळी डोकं झाकायची, थोरली बहीण एरवी झाकायचीच नाही. शाळा संपल्यावर हिने आपण होऊन बांधायला सुरुवात केली, तेव्हा घरात सगळ्यांत जास्त चकित झाले ते वडील.

"सकाळी आरशासमोर बांधताना मनात म्हणते, हे कुणासाठी," ती सुई थांबवून म्हणाली. "कधी कधी हात सवयीनेच चालतात आणि मन भलतीकडेच असतं. मग सोडते... आणि पुन्हा बांधते. नियत नसेल तर नुसतं कापडच ना ते? कापड काय, माझ्याकडे ठाणच्या ठाण पडलंय."

"आमच्यात त्याला कवाना म्हणतात," मावशी आकडा न थांबवता म्हणाल्या. "मन न लावता केलेली प्रार्थना म्हणजे जीव नसलेलं अंग."

त्या दिवशी दिवेवाला टाचण्या वेचायचंच विसरला.

आठवड्याभराने तिला मागच्या जिन्यात चहाचा पेला देताना त्याने सगळा धीर गोळा केला. तुम्ही मला आवडता, म्हणाला. घरी येऊन रीतसर विचारायचं आहे, म्हणाला. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. हो म्हणायला ओठ उघडलेच होते...

"आणि एक आधीच सांगून ठेवतो," तो घाईघाईने पुढे म्हणाला. "लग्नानंतर तुम्ही हे बांधलं नाहीत तरी चालेल. आमच्या घरी कुणाची हरकत नसेल."

तिने पेला पायरीवर ठेवला. "आणि बांधलं तर?"

"तरी चालेल."

"चालेल की नाही हे तुम्हाला कुणी विचारलं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या चुलत्यांना वाटतं, मी कमी झाकते. शेजारच्या बाईंना वाटतं, जास्त. प्रत्येकाच्या हातात माझ्यासाठी एकेक मोजपट्टी आहे. मला वाटलं होतं, तुम्ही मोकळ्या हातांनी आलात."

ती वर निघून गेली. मोठ्या मनाने काहीतरी देऊ केल्याच्या थाटात उभा असलेला दिवेवाला तसाच राहिला — तोंड उघडं, चहा थंड.

शेवटी तो मावशींकडे गेला, तेही टाचणी जेवायला गेल्याची वेळ साधून. मावशींनी त्याला समोर बसवलं आणि आपलीच गोष्ट सांगितली. लग्नात सासूने पहिला विग दिला, तेव्हा त्यांनी तो भीतीने घातला. लोक काय म्हणतील, ही भीती. काही वर्षांनी एक दिवस काढला आणि पेटीत ठेवून दिला. कित्येक महिने पेटी उघडली नाही. नवरा त्या महिन्यांत एक शब्द बोलला नाही. घाल म्हणाला नाही, नको घालू म्हणाला नाही. मग एका सकाळी त्यांनी तो आपल्या मनाने पुन्हा घातला.

"बघणाऱ्याला तेच डोकं दिसलं," मावशी म्हणाल्या. "पण भीतीने घातलेला विग कपाळाला काचायचा. हा काचत नाही. नवरा मध्ये बोलला असता ना, तर मला कधी कळलंच नसतं की हे माझं आहे."

त्या संध्याकाळी दिवेवाला दारातच उभा राहिला. "मी चुकलो," म्हणाला. "तो प्रश्न माझा नव्हताच." आणि उत्तराची वाट न बघता गेला. टाचणीने इस्त्री एकाच बाहीवर इतका वेळ धरली, की मावशींना उठून ती उचलावी लागली.

पहिला प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह खचाखच भरलेलं. राणी तो झगा घालून आली आणि संवाद सुरू व्हायच्या आधीच टाळ्या पडल्या. विंगेत उभ्या टाचणीने मावशींचा हात घट्ट धरला.

शेवटचा अंक सुरू असताना दिग्दर्शक बाई येऊन सांगून गेल्या, की पडदा पडल्यावर नटांबरोबर पडद्यामागच्या मंडळींनीही रंगमंचावर यायचं. शिंपीण सगळ्यांत पुढे. पाठोपाठ व्यवस्थापक आले. घाम पुसत, हलक्या आवाजात म्हणाले, की समोर मोठे पाहुणे आहेत, छायाचित्रं निघणार... रंगमंचावर कुणाच्या धर्माची खूण दिसू नये असं त्यांचं मत. दोन मिनिटांपुरता स्कार्फ काढला तर बरं. नाहीतर मग विंगेतूनच नमस्कार केला तरी हरकत नाही.

टाचणी एक पाऊल मागे सरली. तिच्या मनात भलतंच सुरू झालं होतं. लोकांनी मला बघावं, टाळ्या वाजवाव्यात, असं मला वाटतंय... मग ही कसली मर्यादा? मी मागेच बरी का?

मावशींनी ते ओळखलं. "झाकणं वेगळं आणि लपणं वेगळं, पोरी," त्या पुटपुटल्या.

शेवटचे दिवे साथीदारावर सोपवून दिवेवाला तेवढ्यात खाली आला होता. व्यवस्थापकांनी त्याला धरलं. "तुम्ही तिच्याच समाजातले ना? समजवा जरा तिला."

दिवेवाल्याने तिच्याकडे बघितलं. या वेळी सरळ, डोळ्यांत. काय बोलावं हे त्याच्या ओठांवर होतं, ते तिला दिसलं. आणि ते त्याने गिळलं, तेही दिसलं.

"तिचं ती सांगेल," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

तिच्या छातीतलं काहीतरी सैल झालं, जणू चुकीच्या जागी घातलेला टाका सुटला. एवढा वेळ शोधत होती ते उत्तर समोर होतं. टाळ्यांसाठी नाही... मी केलेलं काम माझं आहे, म्हणून.

"साहेब," ती म्हणाली, "झगा शिवताना माझ्या डोक्यावर काय आहे हे तुम्ही विचारलं नाहीत. जशी शिवायला बसते तशीच वर येईन. ते चालत नसेल तर झगा कुणी शिवला ते सांगा आणि शिंपीण का आली नाही तेही सांगा. तुमच्या तोंडाने."

व्यवस्थापकांनी आधारासाठी मावशींकडे बघितलं. "मावशी, तुम्ही तरी... तुम्ही बघा कशा साध्या, मोकळ्या केसांनी..."

"हे?" मावशींनी गालावरची बट मागे सारली. "हा विग आहे. माझाच. तुम्ही आज इतकी वर्षं माझ्या देवाधर्माची तारीफ करत आलात, साहेब. 'मावशी, तुमचे केस काय सुंदर!'"

विंगेत फिस्सकन हसू फुटलं. तलवारधारी शिपाई हसला, मेलेला राजा हसला. व्यवस्थापकांनी आधी कपाळाला हात लावला, मग तेही हसले. आणि पडलेला पडदा पुन्हा वर गेला.

ती चालत पुढे गेली. जांभळा स्कार्फ, कमरेला टाचण्यांची गादी, एका हाताला मावशी. साथीदाराने तिच्यावर वेगळा झोत टाकला नाही. सगळा रंगमंच एकसारखा उजळला होता आणि त्या उजेडात ती सगळ्यांच्या बरोबरीने उभी होती. राणीने झग्याचा घेर पसरून शिंपिणीलाच मुजरा केला. माणसं उभी राहिली. तिसऱ्या रांगेत तिचे वडील भान हरपून टाळ्या वाजवत होते, आणि आई डोळे पुसत त्यांना हळू वाजवा म्हणत होती.

नंतर वरच्या खोलीत ऊन टेबलावर आलं होतं. कपडे परत येऊन पडत होते, ढिगाने. दारात दिवेवाला उभा होता. एक बाही दुमडलेली, दुसरी मनगटावर लोंबणारी. मावशींना अचानक खाली काहीतरी काम निघालं.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?" टाचणीने विचारलं.

"बोलणार होतो. फार छान वाक्य होतं."

"कोणतं?"

"आता नाही सांगणार." तो आत आला. "आता फक्त विचारतो. जमेल तेव्हा सांगा, नाही म्हणालात तरी दिवे वेळेवर लागतील... माझ्याशी लग्न कराल?"

ती झग्याची घडी घालत राहिली. एक, दोन... तिसरी चुकली.

"तुला अहो-जाहो करून लग्नाला हो म्हणता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तू. आणि हो."

त्याने पुढे होऊन झग्याचं दुसरं टोक धरलं. एवढ्यात जिन्यात दमदार पावलं वाजली. त्याची आई होती. शाळेत गणित शिकवणारी, पिकल्या केसांचा आखूड बॉब, डोकं उघडं. खाली बसून तिने सगळा प्रयोग पाहिला होता. तिने मुलाकडे बघितलं, मग या मुलीकडे, मग दोघांच्या मध्ये अडकलेल्या त्या झग्याकडे. काही सांगायची गरजच उरली नाही.

"माझं डोकं असं आणि तुझं तसं," ती म्हणाली. "एका घरात भांडण होईल?"

"डोक्यावरून होणार नाही," टाचणी म्हणाली. "स्वयंपाकघरावरून झालं तर माहीत नाही."

आई मनापासून हसली. मग पुढे होऊन तिने मुलीच्या गालावर हात ठेवला. "तर मग, पोरी, माझ्या या वेंधळ्याला पदरात घेशील?"

टाचणीने त्याच्याकडे पाहिलं. लोंबणारी बाही हातात धरली, एक घडी, दुसरी घडी, कोपरापर्यंत नीट दुमडून दिली.

"घेते," ती म्हणाली. "पण माप माझं."