पोहरादेवीच्या जत्रेतला फोटो

ही घटना खरी आहे.

हे वाक्य वाचून कोणी हसलं तर मी त्याला दोष देणार नाही. मागच्या वर्षापर्यंत मी स्वतः अशा गोष्टींखाली हसणारे इमोजी टाकत होते. पण ही माझ्या रूममेटच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. आणि ती खोटं बोलत नाही. खोटं बोलायला लागते तेवढी हुशारीच तिच्यात नाही.

तिचं नाव रुचिका. ती अकोल्याची, मी वाशीमची. पुण्यात आम्ही एका खोलीवर राहतो.

आणखी एक. भूत म्हटलं की लोकांना रात्र लागते, अमावस्या लागते. इथं तसलं काही नाही. भर दुपार होती. वऱ्हाडातली, एप्रिलची. वाशीमकडच्या मालेगावहून शिरपूरकडे जाताना आत एक बंजारा तांडा आहे, तिथं हे घडलं. तांड्याचं नाव लिहीत नाही. तिथल्या पोरींची लग्नं अजून व्हायची आहेत.

त्या तांड्यात रुचिकाचे मोठे काका राहतात, मदनसिंग. त्यांची बायको कमलीबाई. रुचिका त्यांना मोठे बाबा, मोठी आई म्हणते. त्यांच्या मंजुषाचं लग्न ठरलं होतं. हल्ली लग्नात मोठ्या पडद्यावर घरचे जुने फोटो फिरवायची टूम निघाली आहे. रुचिकाकडे लॅपटॉपला जोडायचा पातळसा स्कॅनर आहे. मग काय, हे काम तिच्याच गळ्यात पडलं.

आता हे नीट वाचा, म्हणजे पुढचं कळेल.

रुचिका ज्यांना मम्मी-पप्पा म्हणते ते तिचे धाकटे काका-काकू, नरेंद्र आणि निता. तिचे खरे वडील हेमला. ती दोन वर्षांची होती तेव्हाच ते शेतात वीज पडून गेले. आणि खरी आई...

"ऊसतोडीला गेली ती आलीच नाही," मम्मी सांगायची. "तुला ताप होता. आमच्या ओटीत टाकलं आणि टोळीसोबत निघून गेली. तिकडंच कोणाचं तरी घर धरलं असेल."

हे सांगताना मम्मी रुचिकाचे केस विंचरायची. कपाळावर पुढे घेऊन, भुवयांपर्यंत सारखे कापून. ती सवय रुचिकाला अजून होती. आमच्या खोलीत पंखा बंद पडला, घामाने जीव गेला, तरी ही बाई कपाळावरचे केस मागे घ्यायची नाही.

आणि त्या न आलेल्या आईचा तिने जन्मभर मनापासून राग केला. आईचा विषय निघाला की ती उठून गॅलरीत जायची.

तांड्यात मात्र तिला कधी नेलं नाही. तिथलं पाणी बाधतं, म्हणे. यावेळी मम्मी एका शब्दात हो म्हणाली. रुचिकाला नवल वाटलं, पण आनंदाच्या भरात तिने विचारलं नाही.

तांड्यात पोचली तेव्हाच काहीतरी खटकलं.

ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या तिच्याकडे टक लावून बघायच्या. ती हसली की पदर तोंडाला लावून आत जायच्या.

आपसात सगळे गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलत होते. ती भाषा रुचिकाला येत नाही. मम्मीने शिकवलीच नाही. ती जवळ आली की सगळे वऱ्हाडीवर यायचे. किंवा गप्प व्हायचे.

समोरच्या खोलीत भिंतीवर एक खिळा होता. नुसता खिळा. त्याच्याखाली भिंतीचा चौकोनी तुकडा बाकी रंगापेक्षा उजळ दिसत होता, फोटो काढून घेतल्यावर दिसतो तसा.

आणि त्या खिळ्याखाली जमिनीवर...

उदबत्तीची राख.

"मोठी आई, इथं कोणाचा फोटो होता?"

"कोनाचा नाई." कमलीबाईने फडा घेतला आणि राख झाडून टाकली. "वाऱ्यानं येते कचरा."

सकाळी ती राख पुन्हा तिथं होती.

त्या दिवशी घरातले सगळे बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, मालेगावला निघाले. कमलीबाईने पत्र्याची पेटी काढून दिली. "याच्यात हायेत फोटो. वरवरचेच घे बापा. खाली नुसता भंगार हाये."

घर रिकामं झालं. दुपार चढली. तांड्यात चिटपाखरू नव्हतं.

रुचिका फोटो काचेवर ठेवायची, झाकण लावायची. स्कॅनरची घरघर व्हायची, उजेडाची रेघ सरकायची, फोटो पडद्यावर यायचा. असे बरेच झाले. वरवरचे संपले आणि तिने खाली हात घातला. आपण कोणीही घातला असता.

तळाशी टॉवेलात गुंडाळलेली एक फ्रेम होती.

तिच्यावर वाळून कोळ झालेला झेंडूचा हार. काचेवर कुंकवाचा ठिपका. आत दीड-दोन वर्षांची एक पोर, जत्रेतल्या स्टुडिओत लाकडी घोड्यावर बसवलेली, मागच्या पडद्यावर रंगवलेलं पोहरादेवीचं देऊळ. अंगात लाल फ्रॉक.

हार घातलेला फोटो कोणाचा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. रुचिकाला वाईट वाटलं. कोणाचं लेकरू गेलं असेल बिचारं...

मग तिला तो हात दिसला.

पोरीच्या खांद्यावर एक बाईचा हात होता. मनगटापासून वर बांगड्याच बांगड्या. बाई नव्हती. फ्रेमच्या मापात बसावा म्हणून फोटो तिथंच कापला होता.

तिने फोटो बाहेर काढला आणि स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर पोरीचा चेहरा आला...

कपाळावर कुंकवाचा ठिपका.

ठिपका तर काचेवर होता. फ्रेमची काच बाजूला जमिनीवर पडली होती. फोटो स्वच्छ होता.

तिने स्कॅनर पुसला. पुन्हा स्कॅन केला.

ठिपका तसाच... पण आता ओला दिसत होता. त्याचा एक ओघळ भुवईपर्यंत आला होता. ओघळ कुठं थांबला ते बघायला तिने चेहरा मोठा केला.

डाव्या भुवईत एक आडवी खूण होती. तेवढ्या जागी केस उगवलेलेच नव्हते.

रुचिकाचा हात आपोआप आपल्या कपाळावर गेला. केसांखाली. डाव्या भुवईवर.

तेव्हाच बांगड्या वाजल्या.

एक-दोन नाही. दंडापर्यंत भरलेल्या बांगड्या एकमेकींवर घसरतात तसा आवाज. पावलं मात्र वाजली नाहीत.

उंबऱ्यावर एक बाई उकिडवी बसली होती.

ऊन तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं. रुचिकाला वाटलं, तांड्यातलीच कोणी असेल. तिने उठून लोटाभर पाणी पुढे ठेवलं. बाईने पाण्याला हात लावला नाही.

"बाई, माह्या पोरीचा फोटो काहून काढला वं?"

"ही... तुमची मुलगी?"

"माहीच. तापानं गेली." आवाज अगदी साधा होता, रोजची गोष्ट सांगावी तसा. "मी तोडीले गेली होती. तापातलं लेकरू फडावर कसं नेऊ? धाकट्या जाऊपाशी ठेवलं. पाडव्याच्या टायमाले गाडीतून उतरलो, तं पोरगी नाई. मोठ्या जावंनं हात धरून नेलं, पळसाखाली माती दाखोली. म्हने, तुही वाट पाहून पाहून गेली."

रुचिकाने पडद्यावरच्या पोरीकडे पाहिलं.

"रोज दिवा लावो मी त्या मातीवर. सासरचं घर सोडलं नाई. पोरगी इथं निजली, मी कोठी जाऊ?"

"तिच्या भुवईला... काय झालं होतं?"

"चुलीवर पडली होती. मीच निजली होती ना वं थकून, म्या पाह्यलंच नाई." मग ती म्हणाली, "अकोल्याले गेली होती मी एकदा. धाकट्या जाऊले मंग पोरगी झाली म्हने. पाह्यली मी. हातावर गूळ ठेवला तिच्या. माही असती तं तेवढीच असती."

रुचिकाला तो गूळ आठवला.

ती शाळेत होती. एक गावाकडची बाई दारात आली होती. मम्मीने घाईघाईने हिचे केस कपाळावर ओढले होते, आत ढकललं होतं, आणि मुठीतला गूळ काढून मोरीत टाकला होता. "कोणाच्याही हातचं खायचं नाही," म्हणाली होती.

"ती मीच होते," रुचिका ओरडली. "मी मेले नाही! मीच आहे ती!"

बाईने मान हलवली. रागाने नाही, समजूत घालावी तशी.

"नोको बोलू तसं बाई. मी माती पाह्यली ना."

रुचिकाने दोन्ही हातांनी केस वर घेतले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पुढचं काही दिसत नव्हतं. "ही बघा. ही बघा खूण. एकदा बघा तरी!"

बांगड्या वाजल्या नाहीत...

डोळे पुसून पाहिलं तर उंबरा रिकामा होता. लोट्यातलं पाणी काठोकाठ होतं. आणि खिळ्याखाली एक उदबत्ती जळत होती.

तिने पाहिलं की नाही पाहिलं? रुचिका अजून मला हेच विचारते.

संध्याकाळी सगळे परतले. कमलीबाईच्या हातात साड्यांचं गाठोडं होतं.

"मोठी आई, माझ्या आईचं नाव काय होतं?"

गाठोडं खाली पडलं. मोठे बाबा आल्या पावली बाहेर गेले.

"कोनं सांगतलं तुले?"

"तीच सांगून गेली. तिथं बसली होती, उंबऱ्यावर."

कमलीबाईने उंबऱ्याकडे पाहिलं. मग खिळ्याकडे.

"सकरी नाव तिचं. दोन पावसाळे झाले तिले जाऊन. इथंच गेली, याच खोलीत. फोटो छातीशी धरून." ती हुंदके द्यायला लागली. "निताले लेकरू होत नोतं. तुह्यावर तिचा जीव बसला. नरेंद्र म्हने, सकरी दुसरं घर करन, तिले दुसरं लेकरू होईन, तरनी हाये. अर्धा तांडा तोडीवर होता, कोनाले ठाव? पन तुहं वाईट झालं काय वं? शिकली. नोकरीले लागली. इथं असती तं हातात कोयता असता तुह्या."

"आणि त्या मातीत काय आहे?"

"काई नाई."

"मोठी आई."

"तुहा फ्रॉक हाये. लाल."

म्हणजे एक बाई जन्मभर फ्रॉकापुढे दिवा लावत राहिली. आणि सगळा तांडा बघत राहिला. मला भुतापेक्षा याचीच जास्त भीती वाटते, खरं सांगते.

रुचिकाने तिथूनच मम्मीला फोन लावला. तिला फक्त एकच ऐकायचं होतं, की हे खोटं आहे. मम्मी म्हणाली, "आम्ही तुला काय कमी केलं गं?"

रुचिकाने फोन ठेवला. जिच्या मांडीवर डोकं ठेवून ही वाढली, तिनेच हिला जिवंतपणी पुरलं होतं. अकोल्याला ती त्यानंतर गेलेली नाही.

अंधार पडायच्या आत ती पळसाखाली गेली. गोल दगड मांडलेले होते. गोरमाटीत आईला याडी म्हणतात, हे तिने त्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तिने हाक मारली. बराच वेळ मारत राहिली. कोणी आलं नाही.

लग्नाच्या पडद्यावर फोटो फिरले की नाही, मला ठाऊक नाही. ती लग्नाला थांबली नाही.

आता शेवटचं. हे सांगावं की नाही, याचा मी खूप विचार केला.

पुण्याला आल्यावर रुचिकाने केस मागे बांधायला सुरुवात केली. भुवई उघडी ठेवते. आईने पाहावं म्हणून. पण तेव्हापासून तिचा कुठलाही फोटो काढला की...

कपाळावर लाल ठिपका येतो.

ऑफिसच्या ओळखपत्रावर आला. आधारसाठी काढला, त्यावर आला. फोटोवाला दोनदा लेन्स पुसून दमला.

परवा तिचा वाढदिवस झाला. मी माझ्या मोबाईलवर फोटो काढला. ठिपका होताच, त्याची मला सवय झाली आहे. पण या वेळी तिच्या दोन्ही खांद्यांवरून खाली काहीतरी पिवळं उतरलं होतं. मोठं करून पाहिलं.

झेंडू.

मी म्हटलं, आपण कोणाला तरी दाखवू, काहीतरी करून घेऊ, हा फोटो आधी डिलीट करते.

रुचिकाने मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. कितीतरी वेळ ती त्या फोटोकडे बघत होती.

"राहू दे," ती म्हणाली. "आईच्या हातचं मला दुसरं काय मिळालंय?"