पाण्याने भरलेली होडी

“माझी पोर त्या होडीत पाय ठेवणार नाय! एक जीव घेऊन तुझं भागलं नाय का?”

चिमाजीचे हे शब्द कानांवर आले आणि राळेत भिजवलेली कापसाची वात भिमाजीच्या बोटांत तशीच राहिली... चौदा वर्षांनी धाकटा भाऊ त्याच्याशी बोलला होता, आणि बोलला तो हे! तरीही त्या अभागी माणसाच्या मनात क्षणभर आनंदच दाटून आला. कारण अंगण दुभागणारे काटेरी कुंपण ओलांडून चिमाजी अलीकडे आला होता, आणि रागाने का होईना, त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

धरणाच्या फुगवट्याकाठी दोघा भावांची घरे एकमेकांना लागून होती. वडिलोपार्जित झेंडूचा मळा पलीकडच्या काठावर. पाण्यातून दहा मिनिटांची वाट, पण रस्त्याने वळसा घालून गेले की तास मोडायचा. हातपाय चालताहेत तोवर एक होडी करायची, असे मनाशी धरून भिमाजीने वर्षभर एकट्याने फळ्या तासल्या, जोडल्या. आता शेवटचे काम उरले होते. फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासायचा आणि वरून राळ-तेलाचा लेप द्यायचा. ते पाहून चिमाजीची तेजस्विनी कुंपणापलीकडून म्हणाली होती, “मोठे बाबा, पहिल्या फेरीला मीच बसणार हां!” तेवढ्यावरून हे वादळ उठले होते.

“चिमा, पाणी भरून बघ,” भिमाजी खालच्या आवाजात म्हणाला. “आतून काठोकाठ भर. बाहेर एक थेंब जरी आला, तर माझ्या हातानं पेटवून देतो.”

“आन् नाय आला तर?”

“तर... तर पोरीला बसू दे.”

मनातले मागणे याहून फार मोठे होते, पण ते ओठांवर येईना.

लेप वाळायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी, तेजस्विनी शाळेला गेल्यावर, चिमाजीने स्वतः मोटारीचा पाइप ओढत आणला आणि ठोकळ्यांवर चढवलेल्या होडीत सोडला. त्याची बायको भागीबाई कुंपणाचा खांब धरून उभी राहिली. पाणी चढू लागले, आणि भिमाजीच्या डोळ्यांपुढे तो श्रावण उभा राहिला...

त्या सकाळी, भिमाजीनेच सांधे भरून दिलेल्या जुन्या होडीतून आई अंबूबाई आणि चिमाजी मळ्यात निघाले होते. पाण्याच्या मध्यावर होडी भरली, बुडाली! चिमाजी पोहत आला. आई आली नाही. दुसऱ्या दिवशी दोर लावून होडी ओढली, तेव्हा तळातल्या, पाणी सोडायच्या भोकात बुचाऐवजी हिरव्या चोळीच्या कापडाचा बोळा लोंबत होता. ते कापड भिमाजीने ओळखले. वर पाहिले, तर काठावर भागीबाई, सातवा महिना लागलेली, पांढरीफटक पडून त्याच्याकडेच बघत होती... चिमाजीचा राग त्याला ठाऊक होता. त्याने बोळा मुठीत घेतला, पाण्यात सोडून दिला आणि चार माणसांत म्हणाला, “माझंच चुकलं. सांधा नीट भरला नाय.”

थोरला असूनही आईला अग्नी द्यायला चिमाजीने त्याला पुढे येऊ दिले नाही. रामकुंडावर अस्थी गेल्या, तेव्हा भिमाजी पंचवटीच्या पुलावरून लांबूनच बघत उभा राहिला होता...

होडी काठोकाठ भरली. चिमाजी तिच्याखाली उताणा शिरला आणि एकेक सांधा तळहाताने चाचपू लागला. किती वेळ गेला, कोण जाणे! तो बाहेर आला तेव्हा त्याचा हात कोरडा होता, आणि चेहऱ्यावरचा राग कुठेतरी हरवला होता.

“ठणठणीत कोरडी हाय,” तो पुटपुटला. “असा हात हाय तुझा... मग तवा काय झालं होतं?”

“तवा कापूस कमी पडला, चिमा.”

“लय झालं! ज्याला एवढं जमतं, त्याला कापूस कमी पडतो होय?”

“चुकतं माणूस. सोड ना आता.”

“पुरे करा, भाऊजी!” भागीबाई किंचाळली आणि खांब सोडून मटकन खाली बसली. “अहो, मी केलं ते! होडीत पावसाचं पाणी साठलं होतं, ते सोडायला मी बूच काढलं. मग बूच सापडंना, म्हणून कापड कोंबलं... सांगायचं राहून गेलं! भाऊजींनी तो बोळा बघितला होता. त्यांनी माझ्यासाठी...”

चिमाजी तिच्याकडे झेपावला. भिमाजी आडवा आला.

“हात लावायचा नाय तिला!”

“तुला अग्नी देऊ दिला नाय मी!” चिमाजीचा आवाज फाटला. “या बाईपायी!”

“तिच्यापायी नाय. मी बोललो, माझ्या तोंडानं बोललो.”

चिमाजी मातीत बसून मोठ्याने रडू लागला... “आईचा हात माझ्या हातात होता रे! मीच सोडला... दम सुटला माझा. कुणाला सांगू? म्हणून सगळं तुझ्यावर घालत आलो!”

भिमाजीने त्याचे डोके छातीशी घेतले. इतकी वर्षे याच क्षणाची त्याने आस धरली होती. पण आता त्याची नजर भावावर ठरत नव्हती. पलीकडे एकटी बसलेली ती बाई, जिच्याकडे नवरा मान वळवून पाहायलाही तयार नव्हता, तिच्यात त्याला स्वतःचीच अबोल्यातली वर्षे दिसत होती...

“चिमा, मला काय नको. अग्नी नको, माफी नको. तिच्याशी बोल.”

“नाय जमायचं.”

“आज बोल. उद्या बोलू, उद्या बोलू म्हटलं की चौदा वर्षं जातात बाबा... मी मोजलीत.”

दुपार चढत होती. भागीबाईचे हुंदके थांबले होते. ती जागची हलली मात्र नव्हती. शेवटी, तिच्याकडे न पाहताच, चिमाजी म्हणाला,

“ऊन लागतंय तिथं... सावलीत सरक.”