चौदा-दहाची तार

या गं पोरींनो, या रे पोरांनो, गुडघ्याला गुडघा लावून बसा! आमच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरची एक गोष्ट सांगायची आहे. देवानं हाक पोचवली होती हो, माणसांनी ती वाचली मात्र चुकीची!

ईस्टरच्या सुट्टीतली ती सकाळ. तेरा वर्षांची एफी आणि तिचा आतेभाऊ सेल्बी धावत धक्क्यावर पोचले, तर शोधाला गेलेल्या होड्या परत बांधल्या जात होत्या!

"जोबकाका, बाबा सापडले?"

बंदराचे प्रमुख जोबकाका तिच्याकडे बघेनात. एफीचे बाबा एलाय आणि त्यांचा तरुण सोबती लिअँडर ‘व्हर्बीना’ होडीसकट परवापासून बेपत्ता होते.

"पूर्वेचा सगळा समुद्र चाळला गं. आता देवाच्या हाती."

"पूर्वेचाच का?" सेल्बीनं विचारलं.

"ही तार बघ ना!"

समुद्रापलीकडच्या केप ब्रेटन बेटावरच्या कुणा अॅगथा बॉइडची तार होती. ‘व्हर्बीनाची हाक रेडिओवर ऐकली. १४१०. इंजिन बंद. गल बेटाजवळ. २५३३२.’

"दुपारचे दोन दहा," जोबकाका म्हणाले. "तेव्हा वारा पश्चिमेचा. होडी पूर्वेलाच जाणार."

"आणि हे शेवटचे पाच आकडे?" सेल्बीनं विचारलं.

"तारवाल्याची चूक, दुसरं काय!"

असे पाच आकडे एफी स्वतः रोज वहीत लिहायची! शॉर्टवेव्ह रेडिओवर दूरदूरची केंद्रं पकडायची, आवाज किती, खरखर किती, ते आकड्यांत मांडून केंद्राला कळवायचं, हाच तर तिचा छंद!

"काका, या बाई माझ्यासारख्याच रेडिओ ऐकणाऱ्या आहेत! आम्ही सगळे ग्रीनिचची वेळ लिहितो, घरची नाही! ती आपल्या साडेतीन तास पुढे! १४१० म्हणजे आपले सकाळचे दहा चाळीस!"

"पोरी, घरी जा. आईजवळ बस."

"तुम्हाला खोटं वाटतंय? सेल्बी, माझा रेडिओ आण! पळ!"

"आणलाच समज!"

सेल्बी धापा टाकत परतला. एफीनं बटण फिरवलं. खरखर... शीळ... आणि मग स्पष्ट आवाज आला, "ग्रीनिच वेळ, तेरा वाजले."

धक्क्यावरच्या घड्याळात साडेनऊ!

जोबकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. "परवा दुपारी दीडपर्यंत वारा दक्षिणेचा होता... म्हणजे होडी आधी उत्तरेला गेली, मग पूर्वेला! अरे, बघता काय? सोडा होड्या!"

दुपारी ईशान्येला, बर्फाच्या तुकड्यांत, ‘व्हर्बीना’ सापडली. लिअँडरचा श्वास चालू होता. एफीचे बाबा त्याच्या शेजारी बसलेले होते, पण ते गेले होते.

"मला झोप लागू नये म्हणून काल रात्रभर स्तोत्रं गात होते," लिअँडर धक्क्यावर कसाबसा म्हणाला. "आज उजाडताना आवाज थांबला."

सारं बंदर टोप्या काढून उभं होतं. जोबकाका एफीसमोर वाकले. "पोरी, याचा जीव तू वाचवलास. आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांपेक्षा तू शहाणी!"

"काका," एफीनं विचारलं, "तार कधी आली होती?"

"परवा संध्याकाळी," ते पुटपुटले, आणि रडू लागले. एफी रडली नाही. ती बाबांचे गार हात चोळत राहिली. सेल्बीनं हाक मारली तरी तिनं ते सोडले नाहीत.

बाळांनो, आज प्रार्थनेला बसाल तेव्हा एलाय पार्डीचं नाव घ्या. आणि गळा साथ देत असेल, तर त्याच्यासाठी एक कडवं मोठ्यानं गा.