मागच्या चाकांना कोण अडवतं?

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलेलं आहे. आणि भूत म्हणजे अमावास्या, मध्यरात्र असलं काही शोधत असाल, तर सॉरी…

हे भर दुपारी घडलं. रविवारी. पेट्रोल पंपामागच्या मामाच्या गॅरेजात, पत्रा तापून कडकड वाजत असताना.

इलेक्ट्रिक गाडीत भूत? त्याला शॉक नाही का बसणार? हसा, हसून घ्या. मीही हसले होते.

गाडी दाजींची. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचा नवरा. मावशी अपघातात गेली, तेव्हा दाजीच गाडी चालवत होते. ती जुनी गाडी होती, पेट्रोलची. वळणावर थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली. दाजींना साधं खरचटलंही नाही.

"हँडब्रेकसुद्धा ओढला मी, पण ब्रेक लागलेच नाहीत," दाजींनी सगळ्यांना सांगितलं.

आणि ते ब्रेक आदल्याच आठवड्यात कुणी केले होते?

मामानं.

झालं. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं. आजी एकदाच म्हणाली, "बहिणीला खाल्लंस." त्यानंतर ती त्याच्या गाडीत कधी बसली नाही.

तेच दाजी त्या रविवारी नवी कोरी गाडी घेऊन दारात हजर.

"मागून मध्येच किंचाळते रे. शोरूमवाल्यांनी हात टेकले."

"माझे ब्रेक चालतील का तुम्हाला, दाजी?" मामानं विचारलं.

दाजी मोबाइलमध्ये बघत राहिले.

मामाला वाटलं, गंज असणार. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच गाडीला आवरते. ब्रेक फारसे लागतच नाहीत. न वापरल्यानं मागच्या डिस्कवर गंज धरतो आणि गाडी कुरकुरते. घासा, ग्रीस लावा, विषय संपला.

त्यानं मागचं चाक काढलं.

गंज… कुठेच नव्हता.

डिस्क आरशासारखी लखलखत होती. ब्रेकचे पॅड पार लोखंडापर्यंत झिजलेले.

दुसरं चाक काढलं. तेच.

पुढची चाकं काढली. तिथले पॅड मात्र नव्यासारखे!

"दाजी, चालत्या गाडीत हँडब्रेकचं बटण दाबता का तुम्ही?"

"वेड लागलंय का मला?"

या गाडीत हँडब्रेक म्हणजे नुसतं एक बटण, आणि तो फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणून मामानं विचारलं. त्यानं गाडीतला बिघाड शोधणारा स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, सगळं ठीक. बटण, वायर, सगळं.

मग नवे पॅड टाकले, ब्रेकच्या पिनांना ग्रीस लावलं आणि दोघं चक्कर मारायला निघाले. दाजी स्टिअरिंगवर. मामा मागच्या सीटवर, चाकाकडे कान लावून. दाजींच्या शेजारची सीट रिकामी.

गाडी मस्त चालली होती. आवाज नाही, काही नाही.

आणि मग…

टिंग. टिंग. टिंग.

बेल्ट लावा, असं गाडी सांगत होती. शेजारच्या सीटचा बेल्ट.

"पुढे बॅग ठेवलीत का?" मामानं वाकून पाहिलं.

सीटवर काहीच नव्हतं. पण गादी… दबलेली होती. कुणीतरी बसल्यासारखी.

"वाजते अधूनमधून," दाजी म्हणाले. "दुर्लक्ष कर."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी मान खाली घातली. समोर रिक्षा थांबली होती आणि दाजींचा पाय ॲक्सिलरेटरवरच.

"दाजी!"

चीं…ईईई!

मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जखडली. गाडी रिक्षापासून हातभर अंतरावर उभी राहिली.

मामानं पुढे पाहिलं. दाजींचा एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात फोन. ब्रेककडे पाय वळलासुद्धा नव्हता. आपोआप ब्रेक लावायची सोय त्या गाडीत नाहीच मुळी.

हँडब्रेकचा लाल दिवा मात्र लागलेला…

दाजींनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. "तिनंच," ते पुटपुटले. "त्या दिवशीही तिनंच ओढला होता हँडब्रेक."

"तुम्ही तर म्हणालात, मी ओढला."

"मी… फोन बघत होतो."

"आणि पायाचा ब्रेक?"

दाजींनी फोन खिशात टाकला.

"दाबलाच नव्हता ना? दाजी, बोला ना! माझा ब्रेक लागला असता ना?"

दाजींनी मान हलवली. हो.

टिंग टिंग थांबली. गादी सावकाश वर आली.

गॅरेजात पोचेपर्यंत दाजींच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. "तो हँडब्रेक बंद करून टाक," ते म्हणाले. जसं काही घडलंच नव्हतं.

"तिनं आत्ता वाचवलं तुम्हाला. मी नाही हात लावणार."

"दुसरीकडे करून घेईन. आणि हे कुणाला सांगत बसू नकोस. तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार?"

तरी मामा सांगायला गेलाच. आजीसमोर बसून, माझ्यादेखत, त्यानं सगळं सांगितलं.

आजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता मेलेल्या पोरीच्या आडून सुटायला बघतोस?"

त्यानंतर मामाला या विषयावर बोलताना मी ऐकलं नाही.

दाजींनी तो हँडब्रेक कुठूनतरी बंद करून घेतला. गाडी आता अजिबात किंचाळत नाही. आजीला डॉक्टरकडे तेच घेऊन जातात. "जावई असावा तर असा," म्हणत आजी त्यांच्या शेजारी बसते.

परवा आजीचे पाय चेपत होते, तर तिनं हळूच सांगितलं…

"त्या गाडीत बसलं की मांडी जड होते गं. तुझी मावशी लहानपणी मांडीवर घट्ट धरून बसायची ना, तशी. आणि दाजींचा फोन वाजला की… अजूनच घट्ट धरते."

मामा दारातच उभा होता. त्यानं ऐकलं.

"आई, उद्या मी सोडतो तुला दवाखान्यात," तो म्हणाला.

आजीनं भिंतीकडे तोंड केलं.

"नको. तुझ्या गाडीत नको."