पुढचं ऐकायचं होतं

वेल्टन गावच्या शाळेच्या जेवणघरात लिओरा भाषणाचं लाकडी मेज ओढत होती, आणि ते मेलं उंबऱ्यावर अडून बसलं होतं. बाहेर पावसाचं आणि बर्फाचं भांडण जुंपलेलं, फरशी ओली, बुटांना पकड नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी न बोलता दुसरी बाजू उचलली आणि मेज मुकाट्याने आत गेलं.

तिने वळून पाहिलं. उंच, जरा वाकून चालणारा तरुण, कोटाच्या बाहीवर पीठ, आणि अंगाला दालचिनीचा वास. वासावरूनच तिला कळलं, हा डोनटच्या दुकानातला अँसेल. गल्ल्यावर त्याची मावशी बसायची, हा मागे कढईपाशी. गावात सगळे त्याच्या हातचं खायचे, पण त्याचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता.

"बोलायला आलात?" तिने विचारलं.

"हो… प-पण पाय कापतायत."

लिओराला हसू आलं, पण तिने ते गालातच ठेवलं. ती शाळा बोर्डाची चिटणीस. सभेचं इतिवृत्त लिहायचं, माईक सांभाळायचा आणि बोलणाऱ्यांची वेळ मोजायची, हे तिचं काम. तिने त्याला कार्डं दाखवली. हिरवं म्हणजे सुरू करा, पिवळं म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे बास. तीन मिनिटं मिळतात.

"बोर्डाच्या पाच सभासदांकडे बघूच नका," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा."

"मग तर… जा-जास्तच कापतील."

हे म्हणून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला. लोक जमेपर्यंत दोघं खुर्च्या मांडत राहिले. बोलता बोलता तिने सांगून टाकलं की पाकातले डोनट तिला आवडतात पण परवडत नाहीत, बोटं चिकटतात आणि इतिवृत्तावर ठसे उमटतात. तिचा आपला साधा, दालचिनी भुरभुरलेला बरा. त्याने मान डोलवली, जणू फार मोठी गोष्ट ऐकली.

आता त्या बोर्डाचा एक नियम होता. मागे कुणीतरी फुटबॉलच्या मास्तरांचा भर सभेत उद्धार केला, तेव्हापासून ठरलं: बोलायचं ते फक्त अध्यक्षांशी, आणि शाळेतल्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही. वाईट बोलायला नाही, आणि चांगलं बोलायलाही नाही. अध्यक्ष स्ट्रंकसाहेब माणूस सरळ, पण नियम म्हणजे नियम.

अँसेल मेजापाशी उभा राहिला. लिओराने हिरवं कार्ड धरलं. तिच्याकडे बघत तो बोलू लागला. लहानपणी त्याला स्वतःचं नावही सांगता यायचं नाही, 'अ'वरच अडकायचा. शाळेत एक बाई होत्या, अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या. त्या आता निवृत्त होतायत आणि बोर्ड ती जागाच बंद करतंय. ती करू नका, एवढं सांगायला तो आला होता.

"त्या बाई म्हणजे… फ… फ…"

सगळं जेवणघर श्वास रोखून बसलं.

"फ्युगेटबाई."

हातोडा आपटला. नावं घ्यायची नाहीत, स्ट्रंकसाहेब म्हणाले. पण अडखळणाऱ्या माणसाची जीभ एकदा सुटली की तो थांबेल कसा? "त्यांनी मला…" असं म्हणत तो पुढे निघालाच होता. साहेबांनी लिओराकडे पाहिलं. तिने माईकचं बटण दाबलं. अँसेलचे ओठ हलत राहिले आणि आवाज मात्र नाहीसा झाला. आणि तो तिच्याकडेच बघत होता, कारण तिनेच तसं सांगितलं होतं.

त्या रात्री लिओरा जेवली नाही.

पुढे व्हायचं ते झालं. अँसेल काही कोर्टाची पायरी चढणारा नव्हता. पण गावातल्या वकील टीगबाई रोज सकाळी त्याच्या दुकानात कॉफी प्यायच्या, त्यांनी हट्टच धरला. बोलू दिलं नाही म्हणून बोर्डावर दावा लागला. आणि बोर्डाच्या वकिलांनी लिओराला बजावलं: त्या माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही, दुकानात पाऊल टाकायचं नाही. निकाल पक्का होईपर्यंत नाही. नाहीतर नोकरी गेली समजा.

माफी मागायची होती तिला. तेवढीसुद्धा सोय राहिली नाही.

अँसेल मात्र दर महिन्याच्या सभेला येत राहिला. हिरवं कार्ड वर गेलं की अध्यक्षांकडे वळून अगदी गंभीरपणे सांगायचा, "साहेब, श-शाळेच्या फाटकाजवळचं मेपलचं झाड लाल झालंय. येणाऱ्याजाणाऱ्याने ज-जरा मान वर करून बघावं." एकदा म्हणाला, थंडी फार पडलीय, बोर्डाच्या लोकांनी हातमोजे घालावेत, विशेषतः ज्यांना हातात कार्डं धरावी लागतात त्यांनी. नाव कुणाचं नाही, नियम शाबूत. लोक हसायचे, स्ट्रंकसाहेब छताकडे बघायचे, आणि लिओरा पिवळं कार्ड काढायला जरा उशीर करायची. दुसऱ्या दिवशी ती खरंच मेपलखाली थांबून मान वर करायची. तीन मिनिटं संपली की पुन्हा अख्खा महिना. वाट बघून बघून जीव नकोसा व्हायचा.

आणखी एक गंमत होती. सभेचे डोनट स्ट्रंकसाहेब स्वतः आणायचे, ते अँसेलच्याच दुकानातून. त्याने आपल्यावर दावा केलाय म्हणून काय चांगले डोनट सोडायचे, असं त्यांचं म्हणणं. त्या खोक्यात सगळे पाकातले असायचे, आणि कोपऱ्यात एकच साधा, दालचिनीचा. त्याला कुणी हात लावायचं नाही. एकदा एका सभासदाने लावला, तर साहेब म्हणाले, "ठेव तो. तो तुझा नव्हे."

मग लिओराची साक्ष झाली. सभेत व्यत्यय आला असं सांगा, असं बोर्डाच्या वकिलांनी पढवलं होतं. तिने शपथ घेतल्यावर टीगबाईंनी विचारलं, तो बोलत होता तेव्हा तुम्हाला काही त्रास झाला का?

लिओराने हातांकडे पाहिलं. खोटं बोलणं तिला जमायचं नाही, आणि त्या दिवशी तर नकोच होतं.

"नाही," ती म्हणाली. "मला पुढचं ऐकायचं होतं."

बोर्डाचे वकील तिच्यावर चडफडले. स्ट्रंकसाहेबांनी एवढंच विचारलं, खरं बोललीस ना? मग झालं.

खालच्या कोर्टात बोर्ड जिंकलं. टीगबाई अपिलात गेल्या, आणि मार्चच्या एका सकाळी सगळे सिनसिनाटी शहरातल्या मोठ्या कोर्टात बसले. एका बाजूला अँसेल, दुसऱ्या बाजूला लिओरा, मधे लाल गालिचा. तीन न्यायाधीश, आणि वकिलांच्या मेजावर दिवे: हिरवा, पिवळा, लाल. लिओराने ते पाहिले आणि न राहवून पलीकडे नजर टाकली. अँसेलनेही तेच पाहिलं होतं. दोघांनी ओठ घट्ट मिटून घेतले. कोर्टात हसायचं कसं?

बोर्डाचे वकील सांगत होते की नावं घेतल्याने सभेला त्रास होतो. मधल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला.

"तुमच्याच चिटणीस काय म्हणतात ते वाचते," त्या म्हणाल्या. "'मला पुढचं ऐकायचं होतं.' मग वकीलसाहेब, त्रास झाला तरी कुणाला?"

अँसेलने हे वाक्य तोवर ऐकलेलं नव्हतं. साक्षीच्या दिवशी तो आलाच नव्हता, आणि कागद वाचायला टीगबाई समर्थ होत्या. तो सावकाश वळला. लिओराला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. तिची मान काही वर होईना, आणि तरी तिला कळत होतं की तो बघतोय. भरल्या कोर्टात, तीन न्यायाधीशांच्या साक्षीने, तिच्या मनातलं तिच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

मे महिन्यात निकाल आला. वेळेची मर्यादा योग्य आहे, न्यायाधीशांनी लिहिलं, पण नाव घेतलं म्हणून कुणाचं तोंड बंद करता येणार नाही. शाळा लोकांची आहे. आणखी वर जायचं की नाही, हे बोर्डाने ठरवायचं होतं. वर गेलं असतं तर आणखी वर्षं गेली असती. लिओराने देवाला एवढं साकडं कधी घातलं नव्हतं.

त्या महिन्याच्या सभेला जेवणघर खचाखच भरलं. आधी मतदान झालं. स्ट्रंकसाहेब म्हणाले, "पुरे झालं आता. आपण हरलो, आणि बरं झालं." पाचही हात वर गेले. दावा मिटला. लिओराने इतिवृत्तात ते लिहिलं आणि खाली ठळक रेघ ओढली.

मग लोकांनी नावं घेण्याची हौस फेडून घेतली. स्वयंपाकघरातल्या बाईंच्या शेंगांच्या भाजीपासून फुटबॉलच्या मास्तरांपर्यंत कुणी सुटलं नाही. शेवटी अँसेल उठला. पहिल्या रांगेत फ्युगेटबाई बसल्या होत्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर पर्स घट्ट धरून. हिरवं कार्ड वर गेलं.

"फ… फ्युगेटबाई," तो म्हणाला. हातोडा वाजला नाही. "लोक माझे श-शब्द माझ्यासाठी पूर्ण करायचे. प्रेमानेच. आई करायची, मावशी करायची. तुम्ही क-कधीच केले नाहीत. तुम्ही थांबायचात. घंटा झाली तरी थांबायचात. म्हणून मला ब… बोलता येतं. ज्या मुलासाठी कुणी थ-थांबत नाही, त्याच्यासाठी ही जागा पुन्हा भरा."

फ्युगेटबाई रडत होत्या आणि तरी शिकवणीत बसल्यासारखी मान हलवत होत्या. पिवळं कार्ड वर गेलं. अँसेल लिओराकडे वळला.

"आणि… ल… ल…"

लिओराच्या हातातलं घड्याळ पळत होतं. ल… ल… त्याच्या मानेची शीर ताणली गेली. वेळ संपली. लाल कार्ड तिनेच वर धरलं, दुसरं कोण धरणार? त्याने कार्डाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, कसनुसं हसला आणि सरळ दाराबाहेर गेला.

लिओरा उठली. स्ट्रंकसाहेबांनी तिच्यासमोरून इतिवृत्ताची वही आपल्याकडे ओढली. "जा," ते हळूच म्हणाले. "मला लिहिता येतं."

बाहेर नुकताच पाऊस थांबला होता. मेपलची पानं अजून ठिबकत होती, आणि अँसेल आपल्या गाडीच्या दाराशी किल्ली हातात घेऊन नुसताच उभा होता.

"दोनदा तोंड बंद केलं मी तुमचं," ती धापा टाकत म्हणाली. "माफ करा. आणि जाऊ नका. मला पुढचं ऐकायचंय."

"व-वेळ लागेल."

"लागू दे."

"घड्याळ?"

"आत राहिलं. कार्डंही."

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. दालचिनीचा वास, ओल्या डांबराचा वास. "ल…" त्याने डोळे मिटले. "ल… ल…"

आपलंच नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हटलं असतं तर तो सुटला असता. तिने दात ओठांवर रोवले आणि ते म्हटलं नाही. फक्त त्याचा पिठाळलेला हात हातात घेतला आणि थांबली. आतली सभा संपली, लोक बाहेर पडले, गाड्या सुरू झाल्या, फ्युगेटबाई लांबूनच त्या दोघांकडे पाहत निघून गेल्या. ती थांबलेलीच.

"लिओरा," तो म्हणाला. अख्खं. एका दमात.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसली.

"पुढे?" तिने विचारलं.